पीएलसीत पत्ते नको, नावं वापरा: उद्यमबाग-मच्छेकडच्या नव्या प्रोग्रामरसाठी

बेळगावात पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरचं) पहिलं काम बहुतेकांच्या हाती येतं ते हायड्रॉलिक प्रेस, पॉवर पॅक, फाउंड्रीचा सँड प्लांट नाहीतर एखादं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन. मशीन उद्यमबागेत बनतं आणि चालतं शिरोलीला, हुबळीला किंवा पुण्याला. तिथं ते बंद पडलं की लॅपटॉप उघडणारा माणूस दुसराच असतो. त्याच्यासमोर ‘आय ०.३’, ‘एम १२.४’, ‘डी २०६’ असले इनपुटचे आणि मेमरीचे नुसते पत्ते आले, तर निम्मा दिवस पॅनेलमधल्या वायरी मोजण्यात जातो. हा लेख त्यासाठी आहे. नियम एकच: हार्डवेअरचा पत्ता अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकाच जागी लिहिलेला असावा, बाकी सगळा प्रोग्राम नावांवर चालावा.

उदाहरण म्हणून एक साधी हायड्रॉलिक प्रेस घेऊ आणि कंट्रोलर सीमेन्सचा एस७-१२००, सीपीयू १२१४सी. मित्सुबिशी आणि डेल्टाचे फरक त्या-त्या ठिकाणी दिले आहेत, कारण इकडे तेही भरपूर आहेत. नावं सॉफ्टवेअरमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करायची. इथं देवनागरीत दिली आहेत ती वाचायला सोपं जावं म्हणून.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- पॅनेलचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, टर्मिनल नंबर आणि फेरूल (वायरच्या टोकावरची खूण) नंबरांसकट. ड्रॉइंग नसेल तर पॅनेलवाल्याकडून वायरिंग शीट तरी घ्याच.
- हायड्रॉलिक सर्किट. व्हॉल्व्हची कुठली कॉइल दिली की रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) खाली येतो हे त्यातच कळतं.
- सेन्सर, ट्रान्समीटर आणि ड्राइव्हचे मॉडेल नंबर आणि त्यांची मॅन्युअलं.
- कंट्रोलरच्या मालिकेला चालणारं सॉफ्टवेअर, नेमक्या व्हर्जनचं. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमधला नव्या व्हर्जनचा प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही.
- एक्सेल, मल्टिमीटर, आणि ४ ते २० मिलिअँपिअर देणारा लूप कॅलिब्रेटर. कॅलिब्रेटर नसेल तर भाड्यानं आणा. अंदाजपंचे काम नको.

१. लॅपटॉप बाजूला ठेवा, आधी आय-ओ (इनपुट-आउटपुट) यादी करा

एक्सेलमध्ये एका सिग्नलला एक ओळ. रकाने असे: पत्ता, टर्मिनल, फेरूल, ड्रॉइंगमधला उपकरणाचा कोड, नाव, प्रकार, संपर्क एनओ (एरवी उघडा) की एनसी (एरवी जोडलेला), आणि ‘१ असताना याचा अर्थ काय’. हा शेवटचा रकाना लोक हटकून गाळतात, आणि निम्मे घोटाळे तिथूनच निघतात.

आपल्या प्रेसचे इनपुट असे धरू:

- आय ०.० – सेफ्टी रिलेचा जादा संपर्क. १ म्हणजे इमर्जन्सी सर्किट ठीक.
- आय ०.१ – मोटर ओव्हरलोडचा एनसी. १ म्हणजे ओव्हरलोड ठीक, ० म्हणजे ट्रिप.
- आय ०.२ – रॅम पूर्ण वर, लिमिट स्विच. १ म्हणजे वर पोचला.
- आय ०.३ – रॅम पूर्ण खाली, लिमिट स्विच. १ म्हणजे खाली पोचला.
- आय ०.४ – तेलाची पातळी. १ म्हणजे पातळी पुरेशी.
- आय ०.५ – फिल्टर चोक स्विच. १ म्हणजे चोक.
- आय ०.६ – ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर. १ म्हणजे ऑटो.
- आय ०.७ – सायकल सुरू.

आउटपुट: क्यू ०.० वर मोटर कॉन्टॅक्टरचा रिले, ०.१ वर रॅम खाली सोलेनॉइड, ०.२ वर रॅम वर सोलेनॉइड, ०.३ वर अनलोडिंग व्हॉल्व्ह, ०.४ वर हूटर. १२१४सी ला १४ डिजिटल इनपुट आणि १० आउटपुट आहेत, म्हणजे मोकळे पॉइंट उरतात. तेही ‘स्पेअर’ म्हणून यादीत घ्या. पुढे पॉइंट उडाला की तेच उपयोगी पडतात.

दोन गोष्टी इथंच तपासून घ्या. एक, २४ व्होल्ट डीसीची एनजी ६ साइजच्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कॉइल साधारण ३० वॅटची असते, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आसपास. ट्रान्झिस्टर आउटपुटची कुवत अर्ध्या अँपिअरची. मधे रिले आणि कॉइलवर डायोड हवाच, नाहीतर आउटपुट पहिल्याच आठवड्यात जातो. दुसरी गोष्ट, इमर्जन्सी आणि दोन हातांची बटणं. ही सेफ्टी रिलेमधूनच जायला हवीत. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली का, हे पाहणं साध्या पीएलसीच्या प्रोग्रामचं काम नाही. पीएलसीला फक्त ‘सगळं ठीक आहे’ एवढी खबर मिळते. नाव कितीही सुरेख दिलं तरी त्यानं सेफ्टी होत नाही.

२. नाव देण्याचा नियम ठरवा आणि पॅनेलच्या दारावर चिकटवा

चालणारा नियम साधा आहे: आधी दिशा, मग यंत्राचा भाग, मग स्थिती. डीआय म्हणजे डिजिटल इनपुट, डीओ डिजिटल आउटपुट, एआय अॅनालॉग इनपुट; एलएस लिमिट स्विच, ओएल ओव्हरलोड, सोल सोलेनॉइड.

डीआय_रॅम_वर_एलएस
डीआय_मोटर_ओएल_ठीक
डीओ_सोल_रॅम_खाली
एआय_दाब_कच्चा

नाव आकड्यानं सुरू होत नाही, मधे मोकळी जागा नको, जोडायला अंडरस्कोअर. आयईसी ६११३१-३ या पीएलसी-भाषांच्या मानकाप्रमाणे लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नाही, तेव्हा ‘मोटर’ हे नाव एकदा सगळं मोठ्या आणि एकदा सगळं लहान लिपीत लिहून दोन वेगळी नावं होतील या भ्रमात राहू नका.

नावात पत्ता घालू नका. ‘आय०३_रॅम_खाली’ असं नाव दिलं आणि उद्या वायर १.४ वर गेली, की नाव खोटं बोलू लागतं. खोट्या नावापेक्षा नुसता पत्ता बरा.

नाव ‘१ असताना काय’ हे सांगणारं असावं. एनसी संपर्काला ‘ओव्हरलोड’ असं नाव दिलं की वाचणारा म्हणणार, १ आलाय म्हणजे ओव्हरलोड झालाय. खरं तर १ म्हणजे सगळं ठीक. म्हणून ‘मोटर_ओएल_ठीक’. हाच नियम इमर्जन्सीला आणि तेलाच्या पातळीला. एनसी वापरण्यामागचं कारण असं की वायर तुटली तर सिग्नल ० होतो आणि मशीन थांबतं. ‘प्रोग्राम सोपा होतो’ म्हणून कुणी तो एनओ करून मागितला तर ऐकू नका.

भाषेचं म्हणाल तर, आपल्याकडे एकाच पॅनेलवर मराठी वायरमन, कानडी ऑपरेटर आणि पुण्याहून आलेला सर्व्हिस इंजिनिअर असतो. मग एकाच प्रोग्राममध्ये एका जागी ‘रॅम_खाली’ आणि दुसऱ्या जागी ‘रॅम_केळगे’ (कानडीत केळगे म्हणजे खाली) सापडतं, आणि दोन्ही एकाच कॉइलचे. टॅग, म्हणजे पत्त्यांना दिलेली ही नावं, सोप्या इंग्रजीत ठेवा आणि मराठी-कानडी मजकूर एचएमआयच्या (ऑपरेटरच्या स्क्रीनच्या) टेक्स्ट लिस्टमध्ये द्या. स्क्रीनवरची भाषा बदलायचं बटण ऑपरेटरला मिळतं, आणि प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. टॅगच्या कॉमेंटमध्ये मात्र बिनधास्त मराठीत लिहा, फक्त प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरला निर्यात करून अक्षरं नीट दिसतात का ते एकदा बघा.

३. टॅग टेबल भरा

टीआयए पोर्टलमध्ये ‘पीएलसी टॅग्ज’ खाली नवं टेबल करा. इनपुटचं एक, आउटपुटचं एक, अॅनालॉगचं एक. एक्सेलमधून आयात करता येतं, त्यासाठी आधी दोन-तीन टॅग हातानं भरा, टेबल निर्यात करा आणि त्याच साच्यात आपली यादी ओता. रकान्यांची नावं मनानं बदललीत तर आयात अडते.

मित्सुबिशी जीएक्स वर्क्स २ मध्ये नवा प्रोजेक्ट करतानाच ‘लेबल वापरा’ हा पर्याय टिचका. नाहीतर मिळतात ते फक्त डिव्हाइस कॉमेंट, आणि कॉमेंट म्हणजे नाव नव्हे. प्रोग्राममध्ये पत्ताच राहतो, कॉमेंट फक्त त्याखाली दिसते. डेल्टाच्या आयएसपीसॉफ्टमध्ये सिम्बॉल आहेत. जुन्या डब्ल्यूपीएलसॉफ्टमध्ये काम करत असाल तर कॉमेंटवरच भागवावं लागतं, म्हणून शक्य तिथं आयएसपीसॉफ्ट घ्या.

पत्ते लिहिताना मोजणीचा घोटाळा होतो तो असा. सीमेन्समध्ये ०.७ नंतर १.० येतो. मित्सुबिशी एफएक्स आणि डेल्टा डीव्हीपीमध्ये एक्स आणि वाय यांची मोजणी अष्टमान आहे, म्हणजे एक्स ७ नंतर थेट एक्स १०. एक्स ८ आणि एक्स ९ नाहीतच. यादी करणारा एक्सेलमध्ये कोपरा ओढून आकडे भरतो, एक्स ८ पासून पुढचे सगळे पॉइंट सरकतात, आणि वायरमन शपथेवर सांगतो की वायरिंग बरोबर आहे. त्याचं बरोबरच असतं.

हाय-स्पीड काउंटरचे इनपुट कंट्रोलरनंच ठरवलेले असतात, एफएक्स३यू मध्ये ते एक्स ० ते एक्स ७ मध्येच बसतात. एन्कोडर असेल तर आधी ते पॉइंट राखून ठेवा, बाकीचे उरलेल्या जागी. नाव बदलून हार्डवेअरची ही मर्यादा ओलांडता येत नाही.

४. मधला थर: इनपुट मॅप आणि आउटपुट मॅप

टॅगला नाव दिलं म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं इथं आहे, आणि नवखे लोक नेमकं हेच सोडतात.

तीन ब्लॉक करा आणि ओबी १ (दर फेरीला चालणारा मुख्य ब्लॉक) मधून याच क्रमानं बोलवा: पहिला ‘इनपुट_मॅप’, मग मशीनचं सगळं लॉजिक, शेवटी ‘आउटपुट_मॅप’. इनपुट_मॅपमध्ये हार्डवेअरचा टॅग वाचून एका डेटा ब्लॉकमधल्या व्हेरिएबलला द्यायचा, दुसरं काही नाही:

प्रेस.रॅम_वर_आहे := डीआय_रॅम_वर_एलएस;
प्रेस.रॅम_खाली_आहे := डीआय_रॅम_खाली_एलएस;
प्रेस.मोटर_ट्रिप := नॉट डीआय_मोटर_ओएल_ठीक;
प्रेस.तेल_कमी := नॉट डीआय_तेल_पातळी_ठीक;

पुढच्या लॉजिकमध्ये ‘डीआय_’ ने सुरू होणारं एकही नाव येता कामा नये. क्रॉस रेफरन्स (नाव कुठं-कुठं वापरलंय त्याची यादी) उघडला की डीआय_रॅम_वर_एलएस समोर वापराची एकच जागा दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर कुणीतरी आडवाटेनं गेलंय.

हा खटाटोप कशासाठी? पावसाळ्यात विजेनं आय ०.३ चा पॉइंट गेला असं धरा. वायरमननं वायर १.४ वर घातली. टॅग टेबलमध्ये डीआय_रॅम_खाली_एलएस चा पत्ता बदलला की काम झालं. मधला थर नसता तर तो टॅग ज्या-ज्या ब्लॉकमध्ये वापरलाय ते सगळे पुन्हा कंपाइल होऊन डाउनलोड झाले असते. थर असला की एकच छोटा ब्लॉक बदलतो, आणि चालू प्लांटमध्ये डाउनलोड मारताना जीव टांगणीला लागत नाही.

दुसरा फायदा एनसीचा. एनसी उलटवण्याचं काम एकाच जागी होतं. लॉजिकमध्ये सगळीकडे ‘मोटर_ट्रिप’ एवढंच. पुरवठादारानं उद्या एनओ लिमिट स्विचऐवजी एनसी पाठवला, तर एका ओळीत ‘नॉट’ घातलं की झालं. लिमिट स्विच थरथरत असेल तर २०-३० मिलिसेकंदांचा टायमरही इथंच. आणि टेबलावर मशीनशिवाय तपासायचं असेल तर इनपुट_मॅपऐवजी ‘सिम्युलेशन’ नावाचा ब्लॉक बोलवायचा, तो त्याच प्रेस.रॅम_वर_आहे ला किमती देईल. लॉजिकला फरक कळतही नाही.

आउटपुटला याहून जास्त गरज आहे. दोन ठिकाणी एकाच आउटपुटला कॉइल लिहिली तर स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) शेवटी येते तीच जिंकते. ऑटोमध्ये क्यू ०.१ ला १ आणि खाली मॅन्युअलच्या नेटवर्कमध्ये ०, मग ‘ऑटोत रॅम खालीच येईना’ अशी तक्रार. म्हणून ऑटो आणि मॅन्युअल वेगवेगळ्या मागण्या तयार करतात, आणि आउटपुट_मॅपमध्ये एकच ओळ:

डीओ_सोल_रॅम_खाली := (प्रेस.ऑटो_खाली ऑर प्रेस.मॅन_खाली) अँड नॉट प्रेस.सोल_वर_चालू अँड प्रेस.सेफ्टी_ठीक;

वर-खाली दोन्ही कॉइल एकाच वेळी लागू नयेत म्हणून इंटरलॉक इथंच. वरच्या कॉइलच्या ओळीतही तसाच उलटा इंटरलॉक घालायला विसरू नका.

थराच्या दोन अडचणीही आहेत. ब्लॉकांचा क्रम चुकला आणि इनपुट_मॅप शेवटी गेला, तर लॉजिकला एक स्कॅन जुना इनपुट मिळतो. प्रेसला ते जाणवणार नाही, पण वेगवान मोजणीत गडबड होते. शिवाय इंटरप्ट ब्लॉकमध्ये (मुख्य फेरी थांबवून मधेच चालणाऱ्या) झटपट इनपुट हवा असेल तर थरातून नको. तिथं टॅगच्या मागे ‘:पी’ लावून थेट वाचायचा. अशी जागा कॉमेंटमध्ये ठळक लिहा.

५. अॅनालॉग: कच्चा आकडा आत येऊ देऊ नका

१२१४सी वरचे दोन्ही अॅनालॉग इनपुट, आयडब्ल्यू ६४ आणि आयडब्ल्यू ६६, फक्त ० ते १० व्होल्टचे आहेत. ४ ते २० मिलिअँपिअरचा दाब ट्रान्समीटर थेट जोडून चालत नाही. एक तर करंट इनपुटचं अॅनालॉग मॉड्यूल घ्या (पहिल्या स्लॉटमध्ये ते सहसा आयडब्ल्यू ९६ पासून सुरू होतं), नाहीतर ५०० ओहमचा अचूक रेझिस्टर टर्मिनलवर आडवा टाका, म्हणजे २ ते १० व्होल्ट मिळतात.

रेझिस्टरच्या रस्त्यानं गेलात तर १० व्होल्टला २७६४८ आणि २ व्होल्टला ५५३० हा आकडा येतो. ० ते २५० बारचा ट्रान्समीटर असेल तर:

दाब_बार = (कच्चा − ५५३०) × २५० ÷ २२११८

१२ मिलिअँपिअरला कच्चा आकडा १६५८९ येतो आणि दाब १२५ बार. कॅलिब्रेटर लावून ४, १२ आणि २० हे तीन बिंदू ताडून बघा. करंट मॉड्यूलवर ४ ते २० ही रेंज निवडली असेल तर ४ मिलिअँपिअरलाच ० मिळतो. तिथं ५५३० वजा केलेत तर दाब कमी दिसेल, आणि प्रेस ठरलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देईल. रिलीफ व्हॉल्व्ह आहे म्हणून वाचाल, पण डाय वाचेलच असं नाही.

इनपुट_मॅपमध्ये कच्च्या आकड्याचा दाब_बार करा आणि तारेचा बिघाडही तिथंच ओळखा. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली करंट गेला, म्हणजे इथं साधारण ४९७७ च्या खाली, की ‘दाब_सेन्सर_बिघाड’ हा बिट १. पुढचं लॉजिक फक्त बार आणि बिघाड एवढंच जाणतं.

मोटरच्या वेगाच्या ड्राइव्हशी मॉडबस प्रोटोकॉलनं बोलत असाल तर रजिस्टरांनाही नावं हवीत. डेल्टाच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये चालू-बंदची आज्ञा २००० हेक्सला आणि वारंवारता २००१ हेक्सला लिहितात, ५० हर्ट्झसाठी ५०००. काही सॉफ्टवेअर २००१ हेक्स हाच पत्ता दशमानात, ८१९३ असा मागतात. शिवाय ४०००१ म्हणजे काही ठिकाणी पत्ता ० असतो, एकाचा फरक पडतो. हे आकडे एकाच ब्लॉकमध्ये स्थिरांक म्हणून ठेवा. लॉजिकमध्ये ‘पंप_वेग_हर्ट्झ’ एवढंच दिसू द्या.

६. मेमरी एकमेकांवर चढते, सांभाळा

एमडब्ल्यू १० (दोन बाइटचा शब्द) मध्ये एमबी १० आणि एमबी ११ दोन्ही येतात. एमडब्ल्यू ११ वापरलात की मधला बाइट दोघांचा. टॅगला दोन वेगळी सुंदर नावं आहेत आणि मेमरी एकच, हा दोष शोधायला फार छळतो. क्लॉक मेमरी चालू केली तर ती मूळ सेटिंगमध्ये एमबी ० घेते आणि सिस्टिम मेमरी एमबी १ घेते. तिथं आपले बिट ठेवलेत तर ते आपोआप मिचकावू लागतात. उपाय सोपा: एम मेमरी सोडा, सगळं डेटा ब्लॉकमध्ये ठेवा.

मित्सुबिशीत पत्ता न दिलेल्या लेबलला सॉफ्टवेअर स्वतः एम किंवा डी वाटून देतं. त्यासाठी राखलेल्या पट्ट्यात तुम्ही हातानंही डी वापरलेत तर टक्कर ठरलेली. वाटणीचा पट्टा सेटिंगमध्ये बघून घ्या आणि त्याच्या बाहेर राहा. आणखी एक: ‘रिबिल्ड ऑल’ मारलं की ही वाटणी बदलू शकते. एचएमआयवर जी मूल्यं जातात त्या लेबलांना पत्ता स्वतः ठरवून द्या, नाहीतर एके दिवशी स्क्रीनवर दाबाच्या जागी सायकलची मोजणी दिसेल.

७. एचएमआय आणि स्काडा (कॉम्प्युटरवरची देखरेख) जोडताना

एस७-१२०० मध्ये नवा डेटा ब्लॉक ‘ऑप्टिमाइझ्ड’ असतो. त्यातल्या व्हेरिएबलना ठरलेला ऑफसेट (ब्लॉकमधली जागा) नसतोच. दुसऱ्या कंपनीची एचएमआय ‘डीबी १, डब्ल्यू ४’ अशा पत्त्यानं वाचायला गेली की तिला काही मिळत नाही, आणि लोक केबल बदलत बसतात. तीन रस्ते आहेत: एचएमआय टॅगची नावं आयात करू शकत असेल तर ती करा. किंवा ओपीसी यूए हा नावांनी डेटा देणारा प्रोटोकॉल वापरा. किंवा एचएमआयसाठी एकच वेगळा डेटा ब्लॉक करून फक्त त्याचं ऑप्टिमायझेशन काढा आणि सीपीयूच्या सेटिंगमध्ये पुट-गेटला (बाहेरच्या उपकरणानं वाचण्या-लिहिण्याला) परवानगी द्या. तिसरा रस्ता निवडलात तर सगळे ब्लॉक तसे करू नका, एचएमआयपुरता एकच.

त्या ब्लॉकमध्ये नवं व्हेरिएबल नेहमी शेवटी घाला. मधे घातलंत की पुढचे सगळे ऑफसेट सरकतात.

८. पॉइंट-टू-पॉइंट तपासणी

तेल न भरता आणि मोटरचा ब्रेकर पाडून हे काम करायचं. एकजण मशीनजवळ, एकजण लॅपटॉपवर वॉच टेबल (चालू किमती दाखवणारा तक्ता) उघडून. मशीनजवळच्यानं लिमिट स्विच हातानं दाबायचा आणि मोठ्यानं नाव सांगायचं, पत्ता नाही. ‘रॅम वर’ म्हटल्यावर लॅपटॉपवर प्रेस.रॅम_वर_आहे बदललं पाहिजे. बदललं की यादीत सही. एनसी असलेल्यांची एक वायर काढूनही बघा, बिघाड दिसायला हवा.

फोर्स (सिग्नलला जबरदस्तीनं ० किंवा १ लावणं) वापरलात तर काढायला विसरू नका. सॉफ्टवेअर बंद केलं तरी फोर्स कंट्रोलरमध्ये राहतो. एस७-१२०० वर मेंटेनन्सचा पिवळा दिवा लागलेला दिसला की पहिली शंका तीच घ्यायची. आणि फोर्स फक्त प्रत्यक्ष इनपुट-आउटपुटला लागतो. आतल्या व्हेरिएबलची किंमत नुसती बदलता येते, पुढच्या स्कॅनला प्रोग्राम ती परत लिहितो.

९. चालू मशीनचा जुना प्रोग्राम नावांवर आणताना

चिकोडी-अथणी भागातल्या साखर कारखान्यांत हे काम गाळप संपल्यावरच धरा. हंगामात कुणी ‘जरा नावं नीट करून द्या’ म्हणालं तरी नाही म्हणा. क्रम असा ठेवा: आधी चालू प्रोग्राम अपलोड करून त्याची एक प्रत हात न लावता बाजूला काढून ठेवा. मग चालू सेटिंग, टायमर, काउंटर, रेसिपी यांच्या किमती लिहून घ्या. डेटा ब्लॉकची रचना बदलून डाउनलोड मारला की सॉफ्टवेअर ‘रीइनिशियलाइझ’ विचारतं. ‘हो’ म्हटलं की सगळ्या किमती मूळ पदावर जातात, आणि दोन वर्षांत बसवत आणलेलं सेटिंग गेलं. टीआयए पोर्टलमध्ये आधी स्नॅपशॉट घेता येतो, तो घ्या.

त्यानंतर एका वेळी एक भाग. आधी फक्त टॅगना नावं, लॉजिक तेच. मशीन चालवून बघा. मग मधला थर. दोन्ही एकदम केलंत आणि बिघडलं, तर कशानं बिघडलं हे सापडत नाही.

जुन्या मालिकांत आणखी एक फट आहे. एस७-३०० सारख्या कंट्रोलरमधून अपलोड केलं की नावं आणि कॉमेंट येत नाहीत, नुसते पत्ते येतात. नावं फक्त मूळ प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात. एस७-१२०० आणि रॉकवेलच्या लॉजिक्समध्ये टॅगची नावं कंट्रोलरमध्येच राहतात.

१०. मशीन घेताना आणि देताना

मशीन विकत घेत असाल तर पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी हे मागा:

- मूळ प्रोजेक्ट फाइल, सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसकट, आणि ब्लॉकांना पासवर्ड असेल तर तो.
- एचएमआयची स्वतंत्र प्रोजेक्ट फाइल. पीएलसीच्या फाइलमध्ये ती असेलच असं नाही.
- सह्या झालेली आय-ओ यादी, शेवटच्या बदलांसकट.
- ड्राइव्हचे पॅरामीटर.

मशीन बनवून देत असाल तर हीच यादी न मागता द्या. यादीची एक छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात पॅनेलच्या दाराच्या आतून लावा. पॉइंट बदलला की तारीख टाकून पेनानं तिथंच दुरुस्ती करायची, आणि त्याच दिवशी एक्सेलमध्ये आणि टॅग टेबलमध्येही. तिन्ही जागी एकच पत्ता नसेल, तर वायरमननं पॅनेलच्या दारावरच्या कागदावर भरवसा ठेवावा की लॅपटॉपवर, हे त्याला फोन करूनच विचारावं लागेल.